'अर्धा दिवस गोळीच झाडू दिली नाही' या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आमच्या पिस्तूल प्रशिक्षणाबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देतो. तुमच्या तक्रारी तीन: अर्धा दिवस डमी, म्हणजे दारू नसलेल्या सरावाच्या काडतुसांत गेला, स्वतःचं पिस्तूल असूनही हातात पॉइंट टू टू, म्हणजे छोट्या काडतुसाचं, कमी धक्क्याचं पिस्तूल दिलं, आणि प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर ओरडून पिस्तूल काढून घेतलं.

आधी शेवटच्या तक्रारीबद्दल. चाप दाबला, गोळी सुटली नाही, म्हणून विचारायला तुम्ही पिस्तूल हातात धरूनच मागे वळलात. नळी शेजारच्या लेनमधल्या ताईंच्या पोटाच्या रेषेत आली आणि बोट अजून चापावरच होतं. काडतूस क्वचित उशिरा पेटतं. म्हणूनच अशा वेळी नळी लक्ष्याकडे ठेवून निदान 30 सेकंद थांबायचं, बोट चापावरून काढून फ्रेमला, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याला सरळ लावायचं आणि मोकळा हात वर करायचा. सगळ्यांच्या कानांवर आवाज रोखणारे मफ असताना हळू बोललेलं कुणालाच ऐकू गेलं नसतं. प्रशिक्षकांनी योग्य तेच केलं, आणि उद्या माझ्या हातून तसं झालं तर माझ्यावरही त्यांनी असंच ओरडावं.

आता डमी काडतुसं. पिस्तूल रिकामं करताना तुम्ही आधी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) ओढलीत, एक काडतूस बाहेर पडलं, मग मॅगझिन (मुठीतला काडतुसांचा कप्पा) काढून 'झालं रिकामं' म्हणालात. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागी, जाऊन बसलं होतं. आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानेही चाचपायचं. हा क्रम नुसता ऐकून येत नाही, तो हातात बसावा लागतो. घरी पुसायला घेतलेल्या 'रिकाम्या' पिस्तुलातून गोळी सुटते ती नेमकी अशीच. तुमच्या चेंबरमध्ये त्या वेळी डमी होतं, एवढंच. अर्धा दिवस त्यासाठी जात असेल तर जाऊ दे. तो मी कमी करणार नाही.

पॉइंट टू टूचं कारण साधं आहे. मोठ्या पिस्तुलाच्या धक्क्याची आणि आवाजाची धास्ती घेतली की माणूस गोळी सुटण्याआधीच मनगट खाली दाबतो, डोळे मिटतो, आणि ती सवय मग सुटता सुटत नाही. मॅगझिनमध्ये मधे मधे डमी घातलं की हे लगेच दिसतं: गोळी सुटत नाही, तरी नळी खाली डुबकी मारते. तुमची सुरुवातीला मारत होती, दिवस संपताना जवळजवळ थांबली होती. अभिप्रायात त्याचा उल्लेख नाही, पण मला ते पाहून फार बरं वाटलं होतं.

शुल्क परत मागितलं आहे, ते देता येणार नाही, कारण ठरलेलं सगळं शिकवून झालं आहे. मात्र पुढच्या बॅचच्या दुसऱ्या सत्राला वेगळे पैसे न भरता या. स्वतःचं पिस्तूल रिकामं करून कुलूपबंद पेटीत आणा, काडतुसं वेगळ्या डब्यात. पेटी लेनवर आल्यावरच उघडायची. त्या दिवशी तुमच्याच पिस्तुलावर सराव करू, मी स्वतः शेजारी उभा राहीन.