‘पैसे घेतात, मग बोलणीही खाऊ देत’?

ऑगस्ट संपत आला आणि कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, की आमच्या ओहायोतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदाही आला. त्याचा मथितार्थ असा: ‘कॉलेजचे खेळाडू आता लाखो डॉलर कमावतात. पैसे घेतात तर बोलणीही खाल्ली पाहिजेत. आपण तिकिटाला पैसे मोजतो, बोलायचा आपल्याला हक्क आहे. बोलणी खाऊनच खेळाडू घडतो, पूर्वीच्यांनी कुठे तक्रार केली? आणि घाणेरडं लिहिणारे चार टवाळ असतात. सहन होत नसेल तर फोन बंद ठेवावा.’ खाली टाळ्यांची रांग.

ज्या काकांनी तो पाठवला ते मला वडिलांसारखे आहेत. त्यांनीच खाली विचारलं, ‘यात चुकीचं काय आहे, कोणी सांगेल का?’ म्हणून सांगतो.

मला हे सांगणं भाग आहे, कारण मागच्या हंगामात एका शनिवारी आमच्याच दिवाणखान्यात पंधराएक जण मॅच बघायला जमलो होतो. एका पोराच्या हातून ऐन वेळी चूक झाली, मॅच गेली. आमच्यातल्या एकाने चिवड्याची वाटी बाजूला ठेवली, इन्स्टाग्रामवर त्या पोराचं खातं शोधलं आणि त्याला थेट मेसेज केला. काय लिहिलं ते मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले. मीही हसलो.

आता पहिला मुद्दा, पैशाचा. १ जुलै २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे मिळवायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एक तडजोड मंजूर केली आणि विद्यापीठंही थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हे सगळं खरं आहे. पण कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या छत्राखाली पाच लाखांहून जास्त विद्यार्थी खेळतात आणि मोठा पैसा जातो तो मुख्यतः फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलमधल्या मोजक्या नावांकडे. संघात ‘वॉक-ऑन’ म्हणतात तशी पोरंही असतात. त्यांना खेळाची शिष्यवृत्ती नसते, फी घरून भरायची असते आणि रोजच्या सरावाला मात्र इतरांइतकंच राबायचं असतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा छळ पैशाच्या आधीपासूनचा आहे. ३० नोव्हेंबर २०१३चा अलाबामा-ऑबर्न सामना आठवा. अलाबामा तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होता आणि लागोपाठ दोन वर्षांचा विजेता होता. त्यांचा किकर, म्हणजे गोलपोस्टमधून चेंडू मारून गुण मिळवणारा, केड फॉस्टर. त्या संध्याकाळी त्याच्या दोन किक हुकल्या आणि तिसरी ऑबर्नच्या खेळाडूंनी अडवली. शेवटच्या सेकंदाला ५७ यार्डांवरून किक मारायला दुसऱ्याच, पहिल्या वर्षाच्या मुलाला पाठवलं गेलं. चेंडू कमी पडला, ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने तो गोलपोस्टखाली झेलला आणि अख्खं मैदान पळत पार केलं. ऑबर्न ३४-२८ जिंकलं. फॉस्टरला त्यानंतर ट्विटरवर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्या काळी शिष्यवृत्तीपलीकडे एक डॉलर घेतला तरी खेळाडूवर कारवाई होत असे. त्याआधी तीन वर्षं बॉईझी स्टेटचा काईल ब्रॉट्झमन नेवाडाविरुद्ध दोन सोप्या किक चुकला, तेव्हाही हेच झालं. मग त्या दोघांनी कोणत्या पैशांच्या बदल्यात धमक्या खाल्ल्या? तेव्हा पैसे नव्हते आणि बोलणी होतीच. आता पैसे आले, एवढंच. छळ जुनाच आहे, त्याला सबब तेवढी नवी मिळाली.

फॉस्टरच्या गोष्टीतलं एक पत्र मला विसरता येत नाही. त्याच्या जर्सीचा क्रमांक ४३ होता. काही दिवसांनी त्याला हाताने लिहिलेली चिठ्ठी आली. आयुष्यात धक्के बसतात, मला माहीत आहे, पण काळाबरोबर तू अधिक खंबीर होशील, अशा अर्थाच्या दोन-तीन ओळी. खाली सही होती ‘आणखी एक ४३’. अमेरिकेचे ४३वे अध्यक्ष जॉर्ज बुश. त्यांच्या राजकारणाबद्दल माझी मतं काय आहेत ते ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे. पण जगभराची बोलणी खाल्लेला एक म्हातारा कॉलेजच्या पोराला चार शब्द लिहायला बसतो, याचं मला फार वाटतं.

दुसरा मुद्दा, तिकिटाचा. तिकीट काढून मैदानात बसलेल्या माणसाने ओरडावं, हुर्यो करावी, माझं काही म्हणणं नाही. ते मैदानात सुरू होतं आणि मैदानातच संपतं. पण खेळाडूच्या फोनवर जे पोचतं ते पाठवणाऱ्याने तिकीट काढलेलं असतंच असं नाही. पुष्कळदा तो त्या संघाचा चाहताही नसतो. त्याने पैज लावलेली असते.

मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-सट्ट्यावरची केंद्रीय बंदी रद्द केली आणि एकेका राज्याने दार उघडलं. आपल्या ओहायोत १ जानेवारी २०२३ला फोनवरून पैज लावणं कायदेशीर झालं. त्याच जानेवारीत डेटन विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ घरच्या मैदानावर हरला आणि पोरांवर इतकं विष ओतलं गेलं की कोच अँथनी ग्रँट पत्रकारांसमोर कळवळून बोलले: ही अठरा ते बावीस वर्षांची मुलं आहेत, यांना घरदार आहे. पुढे राज्याने कायदा केला, खेळाडूंना धमकावणाऱ्यावर पैज लावायला बंदी घालता येते. २०२४ मध्ये कॉलेजच्या एकेकट्या खेळाडूच्या आकड्यांवर पैजा घेणंही ओहायोने थांबवलं. म्हणजे अमका किती गुण करील, किती रिबाउंड घेईल (हुकून परत आलेला चेंडू किती वेळा पकडील), यावरच्या पैजा.

असल्या पैजांनी काय होतं ते बघा. मार्च २०२४, कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा. नॉर्थ कॅरोलायनाने मिशिगन स्टेटला हरवलं. अर्मांडो बेकटचा संघ जिंकला, पुढच्या फेरीत गेला. फोन उघडून बघतो तर शंभरावर शिव्या. त्याने रिबाउंड कमी घेतले म्हणून! जिंकलेल्या पोराला शिव्या देणारा कुठल्या संघाचा चाहता असेल? त्याच स्पर्धेत पर्ड्यूचा एक वॉक-ऑन, एरवी बाकावर बसणारा, एकतर्फी सामन्याच्या शेवटच्या मिनिटात मैदानात आला आणि त्याने लांबून बास्केट मारली. अशा पोराच्या आयुष्यात तो क्षण क्वचित येतो, सगळा बाक उठून नाचतो. पण त्या तीन गुणांनी विजयाचं अंतर वाढलं आणि त्या अंतरावर लावलेल्या काहींच्या पैजा बुडाल्या. त्याला आलेल्या मेसेजांत ‘जीव दे’ असंही होतं. काका, या पोराला कुठले लाखो डॉलर मिळत होते?

सगळेच शिवीगाळ करणारे पैजवाले असतात असं नाही. एनसीएएने २०२३-२४च्या स्पर्धांच्या काळातले १३ लाखांहून जास्त मेसेज आणि पोस्ट तपासून घेतल्या, त्यात खात्रीने छळाच्या म्हणाव्यात अशा पाच हजारांवर निघाल्या. त्यांतल्या १२ टक्के सट्ट्याशी जोडलेल्या होत्या. उरलेल्यांत आपल्यासारखे दिवाणखान्यातले चाहतेही आले.

हा पाच हजारांचा आकडा ‘चार टवाळ’वाल्यांनीच माझ्यापुढे टाकला होता. तेरा लाखांत पाच हजार म्हणजे काय, दर्यात खसखस! टक्केवारीने बरोबर आहे. पण ती खसखस अख्ख्या दर्यात पसरत नाही. त्यातला सुमारे ८० टक्के मजकूर मार्चमधल्या बास्केटबॉल स्पर्धेतल्या खेळाडूंच्या वाट्याला आला होता. आणि त्यातही मुलींना आलेल्या धमक्या मुलांच्या सुमारे तिप्पट होत्या. त्या मुलींना कोणत्या भाषेत लिहिलं जातं ते इथे लिहिणार नाही. ग्रुपवर आपल्या लेकीसुना आहेत.

राहिला ‘फोन बंद ठेवा’. हे म्हणणारेच वर म्हणतात की खेळाडू जाहिरातींतून कमावतात. अहो, ती जाहिरात होते कुठे? त्याच इन्स्टाग्रामवर. किती लोक त्याला तिथे बघतात यावरच तर कंपनी पैसे ठरवते. म्हणजे कमाई करतोस म्हणून बोलणी खा आणि बोलणी नको असतील तर कमाईचं साधन बंद कर, अशी ही दुहेरी कात्री. आणि ज्याची काही कमाई नाही त्याचंही सगळं त्या फोनवरच असतं. सरावाची वेळ, वर्गाचा ग्रुप, आईचा मेसेज.

त्या शनिवारच्या पोराबद्दल मला नंतर कळलं. माझी मुलगी त्याच विद्यापीठात आहे, एका तासाला तो तिच्या रांगेत बसायचा. सोमवारी सकाळी तो नेहमीसारखा आला, वही काढली, फोन बाकावर उपडा ठेवला. लांब, सलग बाक होता. फोन थरथरायला लागला. थांबायचा, परत थरथरायचा. मुलगी म्हणाली, ‘बाबा, माझं पेन हलत होतं.’ शेवटी त्याने फोन उचलून बॅगेत तळाशी, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला आणि फळ्याकडे बघत राहिला. कोणी काही बोललं नाही, काय बोलायचं हेच कळत नव्हतं. आमच्या घरून गेलेला मेसेज शनिवारीच पोचला होता. पण ती थरथर ऐकल्यापासून मला त्या रात्रीचं आमचं हसणं आठवतं.

आता ‘बोलणी खाऊनच खेळाडू घडतो’. याला दाखला देतात क्रिस वेबरचा. १९९३च्या कॉलेज बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात मिशिगनकडे टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवून घ्यायची संधी, शिल्लक नसताना त्याने अकरा सेकंद उरलेले असताना टाइमआउट मागितला, दंड बसला, सामना गेला, देशभर छी-थू झाली. तरी पुढे एनबीए ही व्यावसायिक लीग गाजवली, २०२१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. खरं आहे. पण वेबर त्या सामन्याआधीच देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी होता, तीन महिन्यांच्या आत एनबीएच्या निवडीत त्याला पहिलाच उचलला. बोलण्यांनी त्याला घडवलं नाही, तो घडलेलाच होता. कॉलेजमध्ये फुटबॉल किंवा बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभरांतले दोनही जण व्यावसायिक होत नाहीत. बाकीच्यांच्या नावावर ती एक चूक तेवढी राहते. जे तगले त्यांची नावं आपल्याला ठाऊक असतात. ज्यांनी गुपचूप खेळ सोडला त्यांची कोण सांगणार?

एकाने सांगितलं. ओहायो स्टेटच्या फुटबॉल संघातल्या हॅरी मिलरने मार्च २०२२ मध्ये खेळ सोडला आणि का ते जाहीर केलं. आयुष्य संपवायचं मनात आहे, असं त्याने आदल्या वर्षी कोच रायन डे यांना जाऊन सांगितलं होतं. डे यांनी त्याला लगेच डॉक्टरांकडे पोचवलं. हे चाहत्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, असल्या दुखण्याला एक कारण नसतं आणि तसं म्हणणं त्याच्यावरही अन्याय होईल. पण अभियांत्रिकी शिकणाऱ्या, वर्गातही हुशार असलेल्या त्या धिप्पाड मुलाच्या आत काय चाललंय ते स्टेडियममधल्या लाखभर लोकांपैकी कोणाला दिसलं होतं? मेसेज पाठवणाऱ्यालाही दिसत नाही. आपला मेसेज कोणत्या रात्री, कोणत्या मनःस्थितीत उघडला जाईल हे त्याला माहीतच नसतं.

आणि घडवणारं बोलणं वेगळं असतं. कोच सोमवारी व्हिडिओ लावून सांगतो, ‘तुझा डावा पाय चेंडूच्या फार मागे पडला, म्हणून किक उजवीकडे गेली.’ ते कडक असतं, कधी सगळ्यांदेखत असतं, पण त्यातून मंगळवारच्या सरावाला काहीतरी हाती लागतं. ‘तू नालायक आहेस’ यातून मंगळवारी काय करायचं?

‘मग आम्ही बोलायचंच नाही का?’ असं काकांनी खाली विचारलंय. बोला की. आपल्या मराठीत फरक किती स्वच्छ आहे बघा: खेळाडूबद्दल बोलणं वेगळं, खेळाडूला बोलणं वेगळं. २०२२च्या आशिया कपात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून झेल सुटला आणि लोक त्याला देशद्रोही म्हणू लागले, तेव्हा याच ग्रुपवर आपण सगळे खवळलो होतो. झेल सोपा होता हे तेव्हाही कोणी नाकारलं नव्हतं. अर्शदीप तेवीस वर्षांचा, देशाकडून खेळणारा व्यावसायिक होता. ही तर एकोणीस-वीस वर्षांची, परीक्षा देणारी पोरं आहेत.

येत्या शनिवारी मॅच आमच्याकडेच आहे, मिसळ आहे. २०१३ मध्ये ५७ यार्डांवरून किक मारायचं ठरवलं ते अलाबामाचे तेव्हाचे कोच निक सेबन यांनी, वर्षाला ५० लाख डॉलरहून जास्त पगार घेणाऱ्या माणसाने. असल्या निर्णयांवर आपण मध्यरात्रीपर्यंत भांडू. फोन मात्र दाराजवळच्या टोपलीत ठेवायचे आहेत, मी माझा आधी ठेवीन. काका, तुम्ही नक्की या.