कर्जाआधी काम

१९८३ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहराने आपल्या तुरुंगात स्टेनलेस स्टीलची शौचपात्रे बसवण्यासाठी निविदा काढली. काम लहान होते, सव्वा लाख डॉलरच्या आसपासचे. मुख्य कंत्राटदाराने कामाच्या किमतीपैकी किमान ३० टक्के काम कृष्णवर्णीय व इतर वांशिक अल्पसंख्याकांच्या मालकीच्या फर्मला पोटकंत्राट म्हणून द्यावे, असा नियम नगरपरिषदेने त्याच वर्षी केला होता. ही शौचपात्रे पुरवायला तयार असलेली अशी एक स्थानिक फर्म मिळालीही. परंतु तिला उत्पादकांकडून दरच मिळेनात. एका पुरवठादाराने मुख्य कंत्राटदाराला आधीच दर दिलेला असल्यामुळे या फर्मला दर द्यायला नकार दिला. दुसऱ्याने सांगितले की तुमची पत तपासल्याखेरीज दर देता येणार नाही, आणि पत तपासायला किमान ३० दिवस लागतील. तेवढा वेळ निविदेच्या मुदतीत नव्हता. नंतर फर्मने दर दिला तेव्हा तो वाढीव निघाला, मुख्य कंत्राटदाराने नियमातून सूट मागितली, शहराने ती नाकारली आणि प्रकरण न्यायालयात गेले. 'सिटी ऑफ रिचमंड विरुद्ध जे. ए. क्रोसन कंपनी' या नावाने ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, आणि २३ जानेवारी १९८९ रोजी ६ विरुद्ध ३ अशा मताने रिचमंडचा नियम घटनाबाह्य ठरला.

मी तीस वर्षे बँकेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणे हाताळली. या निकालपत्राची चर्चा घटनेतील समानतेच्या तत्त्वाविषयी होते आणि ती व्हायलाच हवी. माझे लक्ष मात्र त्या ३० दिवसांवर खिळून राहिले, कारण संपूर्ण प्रश्न मला त्या एका तपशिलात दिसतो. कायद्याने काम राखून ठेवले होते, पण ते काम पेलण्यासाठी लागणारी पत कोणी उभी केली नव्हती. कृष्णवर्णीय उद्योजकांना भांडवल मिळवून देण्याच्या आणि कंत्राटे मिळवून देण्याच्या योजना अमेरिकेत पन्नास-साठ वर्षे बहुतेक वेगवेगळ्या खिडक्यांवर चालल्या, आणि माझ्या मते त्यांचे अर्धे अपयश तिथे आहे. हातात कार्यादेश नसताना दिलेले कर्ज उद्योजकाच्या डोक्यावरचा बोजा होते, आणि खेळते भांडवल नसताना मिळालेला कार्यादेश त्याला बुडवतो.

रिचमंड हे शहर या विषयात योगायोगाने आलेले नाही. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांची ती राजधानी होती. त्याच शहरात १८६४ साली मॅगी लीना वॉकर यांचा जन्म झाला. त्यांची आई पूर्वी गुलामीत होती आणि पुढे लोकांचे कपडे धुऊन संसार चालवत होती. १९०३ साली मॅगी वॉकर यांनी 'सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक' सुरू केली; अमेरिकेत बँकेची सनद मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. बँकेच्या नावातील 'पेनी' अक्षरशः खरी होती, कारण धुणीभांडी करणाऱ्या बायका सेंट-सेंट जमा करत आणि त्या ठेवींतून घरांसाठी व दुकानांसाठी कर्जे दिली जात. ज्या जॅक्सन वॉर्ड भागात हा व्यवहार फुलला, त्याच्या मधोमध १९५० च्या दशकात महामार्ग नेण्यात आला आणि शेकडो घरे पाडली गेली. आठ दशकांची ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे १९८३ चा नियम का करावा लागला हे समजते. शहराच्या लोकसंख्येत निम्मे लोक कृष्णवर्णीय होते, आणि त्याआधीच्या पाच वर्षांत शहराने दिलेल्या मुख्य बांधकाम कंत्राटांपैकी अल्पसंख्याकांच्या फर्मना मिळालेला वाटा ०.६७ टक्के होता.

न्यायालयाने हा आकडा पुरेसा मानला नाही. लोकसंख्येशी तुलना करून भेदभाव सिद्ध होत नाही, काम करण्यास पात्र अशा फर्म किती आहेत हे पाहावे लागेल, असे त्याने म्हटले. कायद्याच्या दृष्टीने या युक्तिवादात वजन आहे हे मी मान्य करतो. पण ज्यांना पिढ्यान्पिढ्या काम मिळाले नाही त्यांच्या पात्र फर्म मोजायच्या कुठून? ज्याला पहिले कंत्राट मिळाले नाही त्याच्याकडे अनुभवाचा दाखला नसतो, दाखला नसला की तो पात्र नसतो, आणि तो पात्र नसल्यामुळे त्याच्यावर अन्याय झाल्याचे सिद्ध होत नाही.

हे चक्र सर्वात स्पष्टपणे दिसते ते हमीच्या व्यवहारात. आपल्याकडे सरकारी कामासाठी बँक गॅरंटी मागतात, तसा अमेरिकेत 'शुअरटी बाँड' द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या बांधकामांसाठी १९३५ च्या मिलर कायद्यापासून तो बंधनकारक आहे, आणि राज्यांनीही तसेच नियम केले आहेत. कंत्राटदाराने काम अर्धवट सोडले तर हमी देणारी कंपनी नुकसान भरून देते, म्हणून ती कंपनी आधी त्याचा ताळेबंद, मागील कामांची यादी आणि मालकाची वैयक्तिक मालमत्ता तपासते. वैयक्तिक मालमत्ता म्हणजे बहुधा घर. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवून कृष्णवर्णीय वस्त्यांना लाल रंग दिला, त्या वस्त्यांत कर्जे देणे धोक्याचे ठरवले, आणि पुढे सरकारी हमीची स्वस्त गृहकर्जे प्रामुख्याने गोऱ्या कुटुंबांना मिळाली. त्या धोरणाचा हिशेब आजही चुकता झालेला नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर. कर्ज मागायला आलेल्या दोन माणसांची हुशारी, मेहनत आणि धंद्याची समज अगदी सारखी असली, तरी तारणाचा रकाना भरताना त्यांच्यातील अंतर उघडे पडते. तो रकाना मी हजारो वेळा भरून घेतला आहे.

काम आणि भांडवल यांची सांगड घातली की काय होते, हे अटलांटाने दाखवले. मेनार्ड जॅक्सन १९७३ साली त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले, तेव्हा शहराच्या कंत्राटांत कृष्णवर्णीय फर्मचा वाटा एक टक्काही नव्हता. विमानतळाचा प्रचंड विस्तार समोर होता. त्यातील सुमारे २५ टक्के काम अल्पसंख्याकांच्या फर्मना मिळालेच पाहिजे, नाहीतर धावपट्टीवर गवत उगवले तरी चालेल, अशी भूमिका त्यांनी घेतली. शहरातील व्यापारी वर्ग खवळला आणि कामाची सुरुवात रखडली, पण ते मागे हटले नाहीत. मला त्यांच्या हट्टापेक्षाही महत्त्वाची वाटते ती त्यांनी निवडलेली पद्धत. मोठ्या कंपन्यांनी कृष्णवर्णीय फर्मबरोबर भागीदारीत निविदा भरावी, म्हणजे मोठ्या कंपनीची पत आणि यंत्रसामग्री लहान फर्मच्या पाठीशी उभी राहील आणि लहान फर्मच्या नावावर मोठ्या कामाचा अनुभव जमा होईल, अशी ती रचना होती. हर्मन रसेल यांची बांधकाम कंपनी अशाच भागीदारीतून मोठ्या कामांत उतरली आणि पुढे देशातील आघाडीच्या कृष्णवर्णीय मालकीच्या बांधकाम कंपन्यांत गणली गेली. विमानतळाची नवी इमारत सप्टेंबर १९८० मध्ये वेळेत आणि ठरलेल्या खर्चात उघडली. आज त्या विमानतळाच्या नावात जॅक्सन यांचे नाव आहे.

या पद्धतीचा गैरवापर झाला हेही सांगितले पाहिजे. नावाला कृष्णवर्णीय मालक पुढे करून आतून दुसऱ्यानेच काम करायचे, असे प्रकार अनेक शहरांत उघडकीस आले. आपल्याकडे दुसऱ्याच्या नावावर ठेका घेणे किती सर्रास चालते हे बांधकाम क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यावरचा उपाय तपासणी कडक करणे हा आहे. रस्ता बंद केला तर प्रामाणिक माणूसच बाहेर राहतो.

भांडवलाच्या बाजूचा इतिहास अधिक दुःखद आहे. गुलामीतून मुक्त झालेल्यांसाठी १८६५ साली काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सनदेने 'फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक' स्थापन झाली. ही बँक सरकारचीच आहे असे समजून लोकांनी आपली पुंजी तिच्यात ठेवली. ती पुंजी विश्वस्तांनी सट्ट्याच्या कर्जांत आणि रेल्वेच्या व्यवहारांत गुंतवली, १८७३ च्या आर्थिक संकटात ती अडकली, आणि जून १८७४ मध्ये बँक बंद पडली. त्याआधी काही महिने गुलामगिरीविरोधी चळवळीतील कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांना तिचे अध्यक्ष करण्यात आले होते, आणि बँक वाचावी म्हणून त्यांनी स्वतःचे १०,००० डॉलर तिच्यात घातले होते. सुमारे ६१,००० ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर त्या बँकेत अडकले. बँकेवर विश्वास ठेवा असे कोणत्याही समाजाला सांगण्याआधी त्या समाजाला बँकांकडून आलेला अनुभव वाचावा, असे मला मनापासून वाटते.

सध्याची स्थिती अशी की अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ ते १४ टक्के आहेत, आणि पगारी नोकर असलेल्या उद्योगांत त्यांच्या मालकीचे उद्योग सुमारे ३ टक्के. बाकी बहुतेक व्यवसायांत मालक हाच एकमेव कामगार असतो. २०२० च्या एप्रिलमध्ये साथीच्या काळात पगार टिकवण्यासाठी सरकारने कर्जयोजना आणली, तेव्हा ३४९ अब्ज डॉलरची पहिली रक्कम १३ दिवसांत संपली, कारण बँकांनी आपल्या ओळखीच्या, आधीपासून खाते आणि कर्ज असलेल्या ग्राहकांचे अर्ज आधी पुढे सरकवले. ज्यांचे बँकेशी कर्जाचे नातेच नव्हते ते मागे राहिले. यात कोणी कोणाच्या वर्णाकडे पाहिले असेलच असे नाही, आणि तरीही परिणाम वर्णावर झाला.

कायद्याचा रोख आता अधिक कठोर झाला आहे. वंचितांच्या लहान उद्योगांसाठी केंद्रीय कंत्राटे राखून ठेवणाऱ्या '८ (अ)' योजनेत कृष्णवर्णीय अर्जदार सामाजिकदृष्ट्या वंचित आहे असे गृहीत धरले जात असे. टेनेसीतील न्यायालयाने २०२३ मध्ये ते गृहीतक वापरण्यास मनाई केली, आणि त्यानंतर प्रत्येकाला आपल्यावर झालेल्या भेदभावाची कहाणी लिहून द्यावी लागली. अटलांटातील 'फिअरलेस फंड' ही कृष्णवर्णीय स्त्रियांनी चालवलेली गुंतवणूक संस्था कृष्णवर्णीय उद्योजिकांना २०,००० डॉलरचे अनुदान देत होती. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो उपक्रम थांबवला, आणि त्यासाठी आधार घेतला तो १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, म्हणजे नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केलेल्या कायद्याचा. हे वाचून मला फार वाईट वाटले. निक्सन यांच्या काळात, १९६९ साली सुरू झालेली अल्पसंख्याक उद्योगविकासाची केंद्रीय संस्था कायद्याला लागेल तेवढ्या किमान कामापुरती आवळण्याचा अध्यक्षीय आदेश मार्च २०२५ मध्ये निघाला.

मग करायचे काय? वर्णाचा उल्लेख न करताही बरेच करता येते, आणि ते करण्यापासून कोणतेही न्यायालय अडवत नाही. मोठी कंत्राटे एकत्र बांधण्याऐवजी तोडून काढावीत, म्हणजे लहान फर्म मुख्य कंत्राटदार म्हणून उतरू शकेल. हमीचा भार सरकारने काही अंशी उचलावा. अमेरिकेच्या लघुउद्योग प्रशासनाकडे अशी योजना १९७० च्या दशकापासून आहे, ती शहरांनी आणि राज्यांनी आपल्या कामांना जोडावी. कार्यादेशाच्या बळावर खेळते भांडवल देणाऱ्या सामुदायिक वित्तसंस्थांना ठेवी द्याव्यात. आणि बिले वेळेवर द्यावीत. उद्योजकतेची शिबिरे, मार्गदर्शनवर्ग आणि सत्कार यांवर होणारा खर्च मला या सगळ्यापुढे दुय्यम वाटतो, कारण शिबिराचे प्रमाणपत्र पाहून कोणतीही हमी कंपनी बाँड देत नाही.

बिलांचा मुद्दा मी अनुभवाने सांगतो. आमच्या शाखेत अनुसूचित जातीतील एक तरुण ठेकेदार होता. त्याला एका सरकारी कार्यालयाचे रस्त्याचे काम मिळाले, आम्ही कर्ज दिले, त्याने काम चोख केले, आणि बिल अकरा महिने अडकले. मजुरांचे पैसे त्याने बायकोचे दागिने मोडून दिले. नव्वद दिवसांची मुदत उलटल्यावर त्याचे खाते थकीत दाखवावे लागले आणि त्या कागदावर सही माझी होती. पुढच्या निविदेला तो अपात्र ठरला. काम आणि कर्ज दोन्ही मिळूनही तो उभा राहू शकला नाही, म्हणून वेळेवरच्या बिलाला मी भांडवलच मानतो.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना, आणि ते स्वतः पुण्यात बांधकामाचे ठेके घेत, धरणाच्या कामाला साहित्य पुरवत. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना स्थापन केली. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी ४ टक्के वाटा ठरला, त्यामागेही अमेरिकेतील याच प्रयोगांची प्रेरणा होती.

आणि एक गोष्ट अमेरिकेतील मराठी मित्रांसाठी. कृष्णवर्णीयांच्या संघर्षातून उभ्या राहिलेल्या '८ (अ)' योजनेत १९८२ साली भारतीय वंशाच्या लोकांचाही समावेश झाला, आणि आपल्यापैकी अनेकांच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची पहिली सरकारी कंत्राटे त्या दारातून आली. तुमच्यापैकी कित्येक जण आज मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागात निर्णय घेतात, कित्येक जण स्वतः मुख्य कंत्राटदार आहेत. पुढच्या वेळी पोटकंत्राटाची यादी कराल तेव्हा आपल्या शहरातील लहान कृष्णवर्णीय फर्मनाही दर विचारा, दर द्यायला त्यांना पुरेसे दिवस द्या, आणि काम झाल्यावर त्यांचे बिल पंधरा दिवसांत द्या.