सुटलेला पेपर पुन्हा कसा सोडवावा

बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर तीन तासांत संपतो, असं बोर्डाला वाटतं. भाबडं आहे बोर्ड. ७० मार्कांचा खरा पेपर गेटबाहेर रसवंतीसमोर सुरू होतो आणि तिथे सुपरवायझर नसतो. परवा बँकेतून हाफ डे टाकून दादरच्या एका सेंटरवर लेकीला आणायला गेले होते. तिथे जे शिकले, ते पुढच्या बॅचच्या उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवते.

गेटमधून हसत येणाऱ्याला आधी गाठा. रडत येणाऱ्यावर मेहनत वाया जाते.

एमसीक्यूबद्दल "सी होता का?" असं विचारू नका. "सीच," असं सांगा आणि पुढे चालू लागा.

ऑप्शनला टाकलेल्या प्रश्नांवर विशेष भर द्या. दोन मार्कांचे १२ असतात, त्यातले आठ लिहायचे. तीन मार्कांचेही तसंच. समोरच्यानं विचार करून सोडलेला नेमका प्रश्न शोधून काढा आणि म्हणा, "अगं, तो तर फुकटचे मार्क होते!"

आता सगळ्यात महत्त्वाचं. न्यूमेरिकलचं उत्तर सांगताना युनिट सांगू नका. आकडा तेवढा मोठ्यानं सांगा.

प्रश्न असा होता: फर्स्ट ऑर्डरची रिअ‍ॅक्शन ५० मिनिटांत ४० टक्के होते, तर हाफ लाइफ, म्हणजे निम्मी रिअ‍ॅक्शन व्हायला लागणारा वेळ, किती? लेकीनं लॉग टेबल उघडून के, म्हणजे रिअ‍ॅक्शनचा रेट कॉन्स्टंट, काढला, ०.६९३ ला त्यानं भागलं, ६७.८ आलं. बाहेर आली तीच "आई, भूक" करत. केमिस्ट्रीनंतर पोराला भूक लागणं हे शुभलक्षण, म्हणून मी लगेच वडापाव घेतला. तिनं पहिला घास घेतला नाही तोच एक उंच मुलगा आला, हॉल तिकीट दातात धरलेलं. ते काढून म्हणाला, "हाफ लाइफ चार हजार अडुसष्ट ना?"

झालं! चार मुली होत्या, चौघींचे चेहरे उतरले. एक म्हणाली, "माझं सदुसष्ट आलंय, पण माझा लॉगच चुकला असणार." म्हणजे उत्तर बरोबर आणि वर माफी हीच मागतेय! आणि तो पठ्ठ्या पुढच्या घोळक्यात. तिथेही "चार हजार अडुसष्ट ना?" दारोदार पत्रिका वाटल्यासारखा.

स्लो लोकलनं निघालो. माटुंग्यापर्यंत पोर गप्प. शीवला डोळे भरले. कुर्ल्याला "माझे तीन मार्क गेले." घाटकोपरला तिनाचे सात झाले आणि विक्रोळीला तिनं इंजिनीअरिंगच सोडून दिलं. वडापाव कागदात तसाच, गार.

केमिस्ट्रीशी माझा संबंध बारावीतच संपला. पण वीस वर्षं कॅश टॅली करतेय. फरक एवढा मोठा आला की आधी बेरीज नाही बघायची, काय मोजलंय ते बघायचं. भांडुपला मोबाइल काढला. ४०६८ भागिले ६०. ६७.८! मिनिटांचे सेकंद केले होते त्या शहाण्यानं. उत्तर एकच!

लेकीला दाखवलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मग सेकंदातच मागितलं असेल का गं?"

पालकांनीही हातभार लावावा. "कसा गेला?" एवढ्यावर थांबू नये. "सोपा होता म्हणे" हे जोडावं.

रात्री ग्रुपवर आन्सर की येतील. तीन येतील. तिन्ही पाहा. झोप काय, मेमध्ये घेता येते.

पुरे. अरे, तुमच्या उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बांधून गेल्या! त्यावर बारकोड लागलाय, आता तिथे तुमचं काही चालत नाही. उत्तर जुळलं काय, न जुळलं काय, एक अक्षर बदलणार आहे का तिथलं? दोन दिवसांवर मॅथ्स आहे आणि तुम्ही रसवंतीसमोर उन्हात उभे राहून एकमेकांचं रक्त आटवताय. सर वर्षभर "युनिट, युनिट" करून घसा कोरडा करत होते ते काय भिंतीला ऐकवत होते? आणि आम्ही आया काही कमी नाही. मी तिथेच उभी होते. पोरीला हाताला धरून निघायचं, तर "मग बरोबर कुणाचं?" हे विचारणारी मीच.

आणि तू रे, चार हजार अडुसष्टवाल्या. उत्तर बरोबर आहे तुझं, अभिनंदन. आता त्याला साठनं भाग आणि ज्या ज्या घोळक्यात ओरडलास, त्या प्रत्येकाला फोन करून सांग. माझी पोर त्या रात्री जेवली नाहीये.