दोन ट्यूबलाइटांत मार्टिन शोलर

फोटोग्राफर मार्टिन शोलरने टिपलेले चेहरे तुम्ही पाहिलेच असतील. फ्रेमभर एकच डोकं, थेट नजर, भाव असून नसल्यासारखा आणि प्रत्येक डोळ्यात मांजरासारख्या उभ्या पांढऱ्या रेघा. हा गृहस्थ १९९३ ते १९९६ नामांकित फोटोग्राफर ॲनी लीबोविट्झकडे सहायक होता. तीन वर्षं दुसऱ्याचे दिवे लावण्यात घालवली! तुम्हाला एवढी सवड कुठली? तुम्हाला तसाच फोटो फोनवर काढायचाय, तुमच्याकडे रविवारची दुपार आहे आणि हॉलमध्ये दोन ट्यूबलाइट आहेत.

त्या भिंतीवरून उतरवू नका. शोलर फ्लोरोसंट नळ्यांचे दोन पॅनेल लेन्सच्या डाव्या-उजव्या बाजूला, चेहऱ्याजवळ उभे करतो; डोळ्यांतल्या रेघा म्हणजे त्यांचंच प्रतिबिंब. तुमच्या ट्यूब छताला टेकलेल्या, आडव्या. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतील, नाकाखाली सावलीची मिशी फुटेल. त्याला ‘मूड’ म्हणा.

कोपऱ्यातला पिवळा बल्बही राहू द्या. ट्यूब ६५०० केल्विनची, बल्ब २७०० चा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप: आकडा मोठा तितका प्रकाश निळसर). एक गाल निळसर, दुसरा हळद लागलेला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग, कुठेही सरकवलात तरी एकाच गालाचं भलं होतं. कुठल्या, ते तुम्ही ठरवा. शटर १/१००० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्तातली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून १/५० किंवा १/१०० ला फोटो स्वच्छ येतो. १/१००० ला चेहऱ्यावर आडवे पट्टे उमटतात. फुकटचं टेक्स्चर कोण सोडतो?

लेन्सचा तर विचारच नको. शोलरने मामिया आरझेड ६७ या मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर १४० मिलिमीटरची लेन्स लावली, म्हणजे फुलफ्रेमच्या (नेहमीच्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात साधारण ७०. फोनची मुख्य लेन्स त्याच हिशेबात २४-२६ ची. डोकं फ्रेमभर यावं म्हणून फोन वीतभर अंतरावर न्या: नाक आधी पोहोचेल, कान मागच्या स्टेशनवर राहतील. मग मागचं सगळं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड लावा, तो चष्म्याची काडीही गिळेल.

आता खरी कला, एडिटिंग. क्लॅरिटी १००, सॅच्युरेशन उणे ४०. क्लॅरिटी मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट ताणते, म्हणून डोळ्यांखालच्या पिशव्या भरतात आणि त्वचेचा काथ्या होतो. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, नकोच. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, ताणल्या की गालावर नकाशाच्या समोच्च रेषा दिसतात.

शोलरला बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन फोटोग्राफर जोडप्याच्या पाण्याच्या टाक्यांच्या फोटोंनी वेड लावलं: एकच कोन, एकसारखा प्रकाश, म्हणून टाकी टाकीशी ताडून पाहता येते. चेहऱ्यांचंही त्याने तेच केलं. तुम्ही दर फोटोला नवा प्रीसेट, म्हणजे तयार फिल्टर, लावा.

शेवटी बुबुळांवर पांढऱ्या ब्रशने दोन-दोन रेघा ओढा. झूम मात्र करू देऊ नका कुणाला. रेघांच्या मधोमध खिडकी, पंखा आणि हात लांबवून फोन धरलेले तुम्ही, सगळे अजून तिथेच आहात.