खाडीत स्कूटरचा परवाना चालत नाही

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा: ‘वॉटर स्कूटर म्हणजे पाण्यातली दुचाकी; तिला नोंदणी लागत नाही, दुचाकीचा परवाना पुरतो, ज्याला स्कूटर येते त्याला हेही येते, खाडी सर्वांची आहे आणि पोहता येत असेल तर लाइफ जॅकेट घालण्याची गरज नाही.’ यातील प्रत्येक चूक ‘स्कूटर’ या नावातून निघाली आहे.

परवान्याचे आधी पाहू. आरटीओ जो परवाना देते तो 1988 च्या मोटार वाहन कायद्याखालचा असतो, आणि त्या कायद्यातील वाहन हे रस्त्यावर वापरायचे वाहन आहे. अंतर्गत जलमार्गांवर यंत्रशक्तीने चालणाऱ्या जलयानांसाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. त्यात तपासणी, नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याची पात्रता या चारही गोष्टी येतात. कल्याण–ठाणे–मुंबई हा तर राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 आहे.

‘ज्याला स्कूटर येते त्याला हेही येते’ हे वाक्य मात्र मला सर्वांत घातक वाटते. या यानाला सुकाणू नसते. इंजिन खालून पाणी ओढून मागच्या तोटीतून जोराने फेकते आणि हँडल वळवले की ती तोटी वळते, त्यामुळे समोर अचानक होडी दिसल्यावर दुचाकीस्वाराच्या सवयीने थ्रॉटल सोडला की झोत मंदावतो, वळण्याची शक्ती जवळजवळ संपते आणि यान आपल्या वेगाने सरळ पुढे जात राहते. शिवाय रस्त्यावर आपण डावी बाजू धरतो, पण आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार समोरासमोर आलेल्या दोन यांत्रिक नौकांनी आपापल्या उजवीकडे वळायचे असते. रस्त्यावरची वीस वर्षांची सवय इथे उलट्या दिशेने घेऊन जाते.

खाडी सर्वांची आहे हे खरे. त्या ‘सर्वां’त जाळी लावून बसलेले कोळी बांधवही आले आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर चरणारे रोहित (फ्लेमिंगो) पक्षीही. ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यान पश्चिम काठाचा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून ठाणे खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे, आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय शिरता येत नाही.

राहिला पोहण्याचा मुद्दा. धडक बसून शुद्ध हरपलेल्या माणसाला पोहणे येत असून उपयोग नाही. शिवाय इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असावी लागते, म्हणजे चालक पडताच ती निसटते आणि इंजिन बंद पडते. संदेशात या दोरीचा उल्लेखही नाही.