युद्धपट बघताना गोळ्या मोजा

कलाश्निकोव्ह रायफलीच्या मॅगझिनमध्ये 30 गोळ्या असतात. घोडा दाबून धरला, तर मिनिटाला 600 या वेगाने ते मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं होतं. अंगावर सहा-सात मॅगझिनं धरली, तर गोळ्या दोनशेच्या आसपास. भरलेलं एक मॅगझिन पाऊण किलोच्या पुढे जातं. म्हणजे पाच-साडेपाच किलो ओझं वाहायचं आणि मनात आणलं तर ते सगळं वीस सेकंदांत उडवून टाकायचं. आता तुमच्या आवडत्या युद्धपटातला शेवटचा हल्ला लावा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करा.

युद्धपट किती खरा, यावर वाद घालताना आपण गणवेशाची बटणं, खांद्यावरच्या फिती, रणगाड्याचं मॉडेल यांतच अडकतो. तेही बघावंच. पण खरेपणा कळतो तो चार हिशोबांत: गोळ्या, वजन, अंतर आणि वेळ. ज्या दिग्दर्शकाने हे हिशोब पाळले, त्याला भीती वेगळी दाखवावी लागत नाही. गोळ्या संपत आल्यावर माणूस काय करतो, दम लागल्यावर कुठे आडवा होतो, हे दाखवलं की ती आपोआप येते.

अंतराचं एक साधं उदाहरण घ्या. तीनशे मीटरवरून कुणी रायफल झाडली, तर गोळी साधारण अर्ध्या सेकंदात तुमच्यापर्यंत येते. बंदुकीचा आवाज यायला मात्र पाऊण सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणून आधी डोक्यावर चाबूक फुटावा तसा गोळीचा कडाका ऐकू येतो, आणि मग लांबून ‘धप्’. या दोन आवाजांमधल्या वेळावरून सैनिक शत्रूच्या अंतराचा अंदाज बांधतात. फौजेत हे शिकवलं जातं. पडद्यावर मात्र शत्रू कितीही लांब असो, ठिणगी आणि आवाज एकाच क्षणी. पुढच्या वेळी हेडफोन लावून बघा, एवढ्या एका गोष्टीवरून ध्वनिसंयोजकाने अभ्यास केलाय की नाही ते कळतं.

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ची (1998) पहिली वीस-पंचवीस मिनिटं अजूनही अंगावर येतात, आणि त्यामागे एक तांत्रिक कारण आहे. सिनेमाच्या कॅमेऱ्याचं शटर सहसा 180 अंश उघडं असतं, म्हणजे सेकंदाला 24 चित्रं घेताना प्रत्येक चित्रावर 1/48 सेकंद प्रकाश पडतो. हालचाल किंचित पुसट होते आणि डोळ्याला ती गुळगुळीत वाटते. इथे शटर 90 आणि 45 अंशांपर्यंत आणलं. 45 अंशांना तो वेळ 1/192 सेकंदावर येतो. परिणाम असा, की स्फोटात उडालेल्या वाळूचा कण न् कण सुटा दिसतो आणि धावणारा माणूस झटके खात धावतो. बातमीपटाचा तो कोरडा, खरखरीत भास तिथून येतो.

चुका आहेतच. चित्रपट सुरू होतो तो फ्रान्समधल्या ओमाहा किनाऱ्यावर अमेरिकन फौज उतरते तिथून. 6 जून 1944 च्या त्या सकाळी तिथे ओहोटी होती आणि सैनिकांना सुमारे तीनशे मीटर उघड्या वाळूतून जावं लागलं. चित्रीकरण झालं आयर्लंडमधल्या वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर, आणि तिथला पट्टा पडद्यावर फारच अरुंद दिसतो. माझ्या लेखी ही चूक मोठी आहे. भिजलेल्या गणवेशात, पाठीवर ओझं घेऊन ओल्या वाळूतून तीनशे मीटर जाणं हीच तर त्या सकाळची खरी शिक्षा होती. पाण्याखाली सैनिकांना गोळ्या लागतात तो प्रसंगही बघायला भयंकर, पण रायफलीची वेगवान गोळी पाण्यात शिरताच वळते, फुटते आणि मीटरभरात तिचा जोर संपतो. शेवटच्या लढाईतले जर्मन टायगर रणगाडे रशियन टी-34 च्या सांगाड्यावर बांधलेले आहेत, चाकं बघितली की लगेच कळतं. शिवाय त्या जूनमध्ये टायगर अमेरिकनांच्या समोर नव्हते, ब्रिटिशांच्या बाजूला होते. तरीही हा चित्रपट वरच्या रांगेत बसतो, कारण त्यात माणसं दमतात, बहिरी होतात, हातातली वस्तू त्यांच्या हातून पडते.

पण सगळ्यांत आवडता कोणता, असं विचाराल तर 1981 चा जर्मन ‘दास बूट’. पाणबुडीवरचा याहून चांगला चित्रपट झालेला नाही, असं माझं ठाम मत आहे. सात-सी प्रकारची ही बोट 67 मीटर लांबीची, आत पन्नासच्या आसपास माणसं. संडास दोन, आणि सफरीच्या सुरुवातीला त्यांतला एक खाण्याच्या सामानाने भरलेला. चित्रपटासाठी बोटीचा आतला भाग खऱ्याच मापाचा बांधला. भिंत काढून बाहेरून कॅमेरा लावायची सोय घेतली नाही. योस्ट व्हाकानो या छायाचित्रकाराने छोट्या कॅमेऱ्याला तोल सांभाळणारे जायरोस्कोप जोडले, डोक्याला आणि अंगाला संरक्षक पॅड बांधले, आणि तो नटांच्या मागे त्या गोल दारांमधून धावला. कलाकारांना उन्हात जायला बंदी होती, कातडी फिकी पडावी म्हणून.

वेळेचा हिशोब तर या चित्रपटाने इतका पाळलाय की पाहताना आपलाही श्वास अडकतो. ब्रिटिश डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचा पाण्याखाली फुटणारा बॉम्ब, पाण्यात सेकंदाला सुमारे तीन मीटर बुडत असे. बोट दीडशे मीटर खाली असेल, तर वर ‘छपाक्’ झाल्यापासून स्फोटापर्यंत पन्नास सेकंद. पन्नास सेकंद शांत बसून दाखवा. त्यात पाण्याखाली बोटीचा जास्तीत जास्त वेग ताशी 14 किलोमीटर, म्हणजे शहरात सायकल चालवतो तेवढाच. पळून जाणार कुठे? तळाशी 280 मीटरवर बोट टेकते, तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला 28 किलोचा दाब पडत असतो. तळहाताएवढ्या जागेवर दोन-तीन मोटारगाड्या उभ्या केल्यासारखं ते ओझं. त्या दृश्यात पोलादाचा करकर आवाज येतो तो या आकड्यांचा आवाज आहे.

इथेही हरकत घेता येते. ज्या पुस्तकावर चित्रपट बेतला, त्याचे लेखक बुखहाइम स्वतः युद्धवार्ताहर म्हणून यू-96 या जर्मन पाणबुडीवर गेले होते. बोटीवर एवढा आरडाओरडा होत नसे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची तक्रार मला पटते. शत्रू कान लावून बसलेला असताना माणसं कुजबुजतात. शेवटही बदललेला आहे. खरी यू-96 मार्च 1945 मध्ये विल्हेल्म्सहाफेनच्या बंदरात बॉम्बहल्ल्यात बुडाली.

‘डंकर्क’मध्ये (2017) मला विमानातला खडू आवडतो. इंधनाचा काटा फुटलेला, म्हणून वैमानिक उरलेल्या गॅलनांचा आकडा समोरच्या पट्टीवर खडूने लिहीत जातो. युद्ध म्हणजे उरलेल्या गोष्टींची मोजदाद, हे इतक्या नेटकेपणाने क्वचितच कुणी दाखवलं असेल. त्या काळच्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानात आठ मशिनगन, प्रत्येकीला 300 गोळ्या. सलग मारा केला तर पंधरा-सोळा सेकंदांत सगळं संपतं. म्हणून वैमानिक एकदोन सेकंदांचेच फटकारे देत. मात्र इंजिन बंद पडल्यावर तरंगत तरंगत स्टुका हे जर्मन बॉम्बफेकी विमान पाडणं हे फारच झालं. जर्मन विमानांची नाकं पिवळी आहेत तीही प्रेक्षकाला ओळखू यावीत म्हणून. पिवळा रंग प्रत्यक्षात नंतरच्या महिन्यांत आला. आणि एक गोष्ट मनाला लागते: डंकर्कच्या त्या वाळूवर खेचरांच्या तुकड्या घेऊन गेलेले हिंदी सैनिकही होते, ते चित्रपटात कुठेच नाहीत.

स्फोटांबद्दल थोडक्यात. हातबॉम्ब फुटला की राखाडी धूर, धूळ आणि लोखंडाचे तुकडे. नारिंगी आगीचा लोळ उठतो तो पेट्रोल जाळल्यामुळे. पिन दातांनी ओढायला जाल तर दातच हलतील, कारण तिची टोकं मुद्दाम फाकवलेली असतात. आपल्या ऐतिहासिक चित्रपटांतही तोफेचा गोळा पडला की आग भडकते. भरीव लोखंडी गोळा फुटत नाही, तो टप्पे खात माणसं आणि भिंती तोडत जातो. ते दाखवलं तर आगीपेक्षा भयानक दिसेल.

कारगिलवरच्या चित्रपटांत मला वजन आणि हवा सापडत नाही. टायगर हिलची उंची साधारण 5,000 मीटर. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळपास प्राणवायू मिळतो. पाठीवर सामान घेऊन रात्रीच्या अंधारात खडा चढ चढणारा जवान चार पावलांना थांबतो; धावत धावत लांबलचक संवाद म्हणणं शक्यच नाही. आपल्या जवानांकडच्या इन्सास रायफलीच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनांना थंडीत तडे जात असल्याच्या तक्रारी तेव्हा आल्या होत्या. काडतूस अडकलं तर मॅगझिन काढायचं, कॉकिंग हँडल मागे खेचायचं, आत बोट घालून बघायचं, तेही जाड हातमोजे आणि बधिर बोटं घेऊन. असं एक तरी दृश्य नीट, सावकाश दाखवा ना. तोफखान्याचंही तेच. त्या युद्धात आपल्याकडून अडीच लाखांच्या वर तोफगोळे आणि रॉकेट डागली गेली, बोफोर्सने समोर दिसणाऱ्या शिखरावर थेट मारा केला. पडद्यावर तोफा येतात आणि दोन मिनिटांत जातात.

आता ‘बॉर्डर’ (1997). हा चित्रपट आपल्या पिढ्यांच्या मनात बसलाय, आणि म्हणूनच त्याच्याशी नीट भांडलं पाहिजे. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्यासोबत 23 पंजाब या पलटणीची एक कंपनी, म्हणजे शंभर-सव्वाशे माणसं होती. समोर चाळीसच्या आसपास रणगाडे आणि दोनेक हजारांची फौज. चौकी उंचवट्यावर, भोवती भुसभुशीत वाळू. पाकिस्तानी तुकडी काटेरी तारेपाशी येऊन थांबली, पुढे सुरुंग पेरले असतील या समजुतीने, आणि त्यात मोलाचा वेळ गेला. पेटलेल्या रणगाड्यांवरच्या जादा डिझेलने उजेड पडला, धूर जमिनीलगत पसरला. आपल्या हंटर विमानांना रात्री लढण्याची साधनं नव्हती, म्हणून ती पहाट होताच आली आणि उघड्या वाळवंटात रणगाडे टिपले.

जीपवरची 106 मिलिमीटरची आरसीएल (रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणारी) तोफ हा त्या रात्रीचा फार महत्त्वाचा भाग. तिच्या नळीवर एक छोटी निशाण रायफल असते. तोफेची एकच मूठ बाहेर ओढून आधी तिची चमकणारी गोळी झाडायची, ती रणगाड्यावर लागलेली दिसली की तीच मूठ आत ढकलून मुख्य गोळा सोडायचा. मागे आगीचा झोत इतका निघतो की किमान तीसेक मीटरपर्यंत कुणी उभं राहायचं नाही. उडालेल्या धुळीने जागा उघडी पडते, म्हणून लगेच जीप हलवायची. ओढा, बघा, ढकला, पळा. चार क्रियांचं हे नाट्य कुठल्याही घोषणेपेक्षा थरारक आहे.

चित्रपटाने मात्र पडद्यावर प्रेतांचा खच पाडला. प्रत्यक्षात त्या कंपनीचे दोन जवान शहीद झाले. एवढ्या थोड्या माणसांनी एवढं मोठं दल रोखलं आणि आपली जवळजवळ सगळी माणसं जिवंत ठेवली, यात नेतृत्वाची जी करामत आहे तीच कथेतून गेली. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड यांची व्यक्तिरेखा चित्रपटात मरते. खरे भैरोसिंग लोंगेवालाहून जिवंत परतले, त्यांना सेना पदक मिळालं, आणि चित्रपट आल्यानंतर पंचवीस वर्षांनी, 19 डिसेंबर 2022 रोजी जोधपूरच्या रुग्णालयात ते वारले.