साल निघाली म्हणजे उष्णता निघाली? अजिबात नाही

गेल्या आठवड्यात नागपूरच्या नंदनवनातून मामेबहिणीचा फोन. तीन वर्षांच्या लेकराला सहा दिवसांपासून ताप, डोळे लालभडक, ओठ फुटलेले, अंगावर पुरळ. डॉक्टरांनी कावासाकी या लहान मुलांच्या आजाराची शंका सांगून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितलेला. आणि ही विचारते, "दादा, दोन दिवस थांबू का? सासूबाईंच्या ग्रुपवर हे आलंय."

मेसेज असा: उन्हाळ्यात ताप, लाल डोळे, लाल जीभ म्हणजे अंगातली उष्णता, पन्हं आणि सब्जा द्या. बोटांची साल निघाली की उष्णता गेली, मूल बरं झालं. कावासाकीची एकही टेस्ट नाही, नाव पैशांसाठी काढलंय. रक्तापासून केलेलं इंजेक्शन घेऊ नका, अॅस्पिरिन तर मुलांना विषच.

सगळ्यात घातक वाक्य सालीचं. कावासाकीत बोटांच्या टोकांची साल निघते, पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. ताप उपचाराविनाही एक ते तीन आठवड्यांत उतरतो. घरच्यांना वाटतं, झालं. पण हा रक्तवाहिन्यांचा दाह आहे, आणि तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांनाच धरतो. भिंत कमकुवत होऊन तिथे फुगा येतो. त्याच सुमारास प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, वाढलेल्या असतात, फुग्यात रक्ताची गाठ धरते आणि एवढ्याशा मुलाला हार्ट अटॅक येऊ शकतो. वरून मूल खेळत असतं. इंजेक्शन ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत द्यायचं असतं. म्हणजे सालीची वाट पाहणारा नेमके तेच दिवस घालवतो! अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2017 च्या मार्गदर्शनात आकडे स्पष्ट आहेत: उपचार नाही तर शंभरातल्या सुमारे 25 मुलांच्या धमन्यांना इजा, वेळेवर हे इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, दिलं तर सुमारे 4.

उष्णतेचं म्हणाल तर डॉ. तोमिसाकु कावासाकींनी जपानमध्ये 1961 साली पहिला रुग्ण पाहिला आणि 1967 मध्ये 50 मुलांची नोंद छापली. जपानात तर जानेवारीतही याचे रुग्ण वाढतात. तिथे कुठला नवतपा, मे अखेरचं ते कडक ऊन?

एकच अशी टेस्ट नाही, हे खरं. म्हणूनच लक्षणं मोजतात: पाच दिवस ताप आणि पाचपैकी चार खुणा. चिपड न येता लाल झालेले दोन्ही डोळे, फुटलेले ओठ किंवा स्ट्रॉबेरीसारखी जीभ, पुरळ, सुजलेले हातपाय, मानेत गाठ. वर्षाच्या आतल्या बाळात सगळ्या दिसतही नाहीत, आणि धोका त्यालाच जास्त.

अॅस्पिरिनबद्दल अर्धं खरं आहे, मान्य करतो. साध्या तापात मुलांना ती देत नाहीत, कारण फ्लू किंवा कांजिण्यांत रे सिंड्रोमची, म्हणजे मेंदू आणि यकृताला इजा करणाऱ्या दुर्मिळ आजाराची, भीती असते. इथे ताप उतरल्यावर कमी डोस असतो तो रक्ताची गाठ होऊ नये म्हणून, तोही डॉक्टरांच्या नजरेखाली. कांजिण्यांचा संपर्क आला तर लगेच कळवायचं.

इंजेक्शन महाग आहे, हेही खरं. किलोमागे 2 ग्रॅम, म्हणजे 12 किलोच्या मुलाला 24 ग्रॅम, दहा-बारा तासांची ड्रिप. दात्यांच्या प्लाझ्मापासून तपासून, विषाणू निष्क्रिय करून बनवतात. पैशांची अडचण असेल तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, बालरोग विभागात जा, पण घरी बसू नका.

बहिणीनं त्याच दिवशी ॲडमिट केलं. ड्रिपनंतर ताप उतरला, पहिला इको ठीक आला. आता दोन आठवड्यांनी आणि मग सहाव्या आठवड्यात पुन्हा. गोवर आणि कांजिण्यांच्या लसी मात्र या इंजेक्शननंतर अकरा महिने पुढे जातात, तेवढं लसीच्या कार्डावर डॉक्टरांकडून लिहून घ्या.